आधी जुना रस्ता शोधा, मग बारव: आडरस्त्यांवरच्या जुन्या वास्तू हुडकायची पद्धत

हायवे सोडला की काहीतरी जुनं दिसेलच, या भरवशावर निघालेली भटकंती बहुतेक वेळा हात हलवत परत येते. त्याचं कारण रस्त्यातच आहे. आजचे डांबरी रस्ते मोटारींसाठी आखलेले आहेत. बारवा (पायऱ्यांच्या दगडी विहिरी), धर्मशाळा, गढ्या (गावातले छोटे मातीचे कोट), वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) उभ्या आहेत त्या बैलगाड्यांच्या, लमाणांच्या तांड्यांच्या आणि सैन्याच्या वाटेवर. काही ठिकाणी हे दोन्ही रस्ते एकच असतात, पण पुष्कळ ठिकाणी नवा रस्ता जुन्याला दोन-चार किलोमीटर बाजूला टाकून निघून गेलेला असतो. म्हणून नकाशावर देवळं शोधत बसण्याआधी जुना रस्ता शोधायचा. तो हाती लागला की विहीर, देऊळ, गढी एकामागून एक येतात, कारण त्या रस्त्याच्याच गरजेतून त्या उभ्या राहिल्या.

इथली पद्धत महाराष्ट्रातली, त्यातही देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या मुलखाला धरून आहे. कोकणात मुलूख वेगळा, दगड वेगळा, म्हणून शोधही थोडा वेगळा. त्याचा उल्लेख ओघात येईल.

जुना रस्ता ओळखायचा कसा

‘मजल दरमजल’ हे आपण सहज बोलून जातो, पण शोधाची किल्ली त्या मजलेतच आहे. भरलेली बैलगाडी दिवसाला साधारण वीसेक किलोमीटर जाते. तेवढ्यावर मुक्काम पडणार, आणि मुक्कामाला बारमाही पाणी, जनावरांना चारा, बाजार आणि रात्रीचा आडोसा लागणार. असा मुक्काम ज्या गावात पडे तिथे बारव झाली, देऊळ झालं, व्यापारी आले, त्यांच्या रक्षणाला गढी आली. मधल्या टप्प्यावर निदान एखादी विहीर आणि वडाची सावली असायची.

नकाशा पुढ्यात घ्या आणि जुन्या बाजारगावांवर खुणा करा. ज्या गावाच्या नावामागे महसुली कागदात ‘कसबे’ लागतं ते मुलखाचं बाजाराचं, कारभाराचं ठिकाण होतं. ‘मौजे’ लागतं ते साधं गाव. आता दोन कसब्यांना जोडणारी अशी रेषा काढा की ती नदी उताराच्या जागी ओलांडेल आणि डोंगर खिंडीतून पार करेल. आजच्या डांबरी रस्त्याकडे तेवढ्यापुरतं दुर्लक्ष करा. ही रेषा ज्या गावांना शिवून जाते ती तुमची यादी. तेर, पैठण, जुन्नर, नाणेघाट आणि तिथून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारा सातवाहनकाळचा मार्ग याच हिशेबानं चालतो. म्हणून नाणेघाटात लेणं आहे, शिलालेख आहे, वाटेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे.

प्रत्यक्ष जागेवर जुन्या रस्त्याच्या खुणा अशा: शेतांमधून अचानक सरळ रांगेत निघालेली चिंचेची, वडाची किंवा कडुनिंबाची जुनी झाडं, नव्या पुलाच्या खालच्या अंगाला राहिलेली दगडी कमानीची मोरी, मैलाचा आकडा कोरलेला दगड, गावाच्या वेशीचं तोंड आजच्या बस थांब्याकडे नसून भलत्याच दिशेला असणं. ही शेवटची खूण फार कामाची आहे. वेस जिकडे तोंड करून उभी, तिकडून जुना रस्ता येत होता. वेशीत उभं राहून समोर सरळ पाहायचं आणि त्या दिशेची पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, धरून अर्धा किलोमीटर चालायचं. विहीर, वीरगळ, मारुती यातलं काहीतरी बहुधा लागतंच.

घरी बसून करायचं काम

एका दिवसाच्या भटकंतीला घरी चार-पाच तासांचा अभ्यास लागतो. तो टाळला की तोच वेळ उन्हात जातो.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी सर्वांत चांगले. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. एक शीट अक्षांश-रेखांशाच्या १५ मिनिटांची असते, म्हणजे आपल्याकडे सुमारे ७०० चौरस किलोमीटर. एका वेळी एकच शीट घ्यायची आणि ती पुरती वाचायची. कडेला असलेली खुणांची सूची आधी पाठ करा: देऊळ, छत्री, मशीद, ईदगाह, थडगं, किल्ला यांना स्वतंत्र खुणा आहेत, आणि वस्ती असलेलं गाव नि ओसाड गाव यांतही फरक दाखवलेला असतो. ओसाड गावाची खूण दिसली की तिथे पेन्सिलीनं गोल काढाच. वस्ती उठून गेली की नवं बांधकाम होत नाही, दगड रंगवले जात नाहीत आणि देवळाला फरशी बसत नाही. महसुली भाषेत अशा गावाला बेचिराख म्हणतात.

दुसरं साधन जुनी जिल्हा गॅझेटिअरं. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत नाशिकचा खंड १८८३ चा, अहमदनगर आणि सोलापूर १८८४ चे, पुणे आणि सातारा १८८५ चे. प्रत्येकात शेवटी गावांची माहिती देणारं प्रकरण आहे आणि गावं वर्णानुक्रमानं लावलेली आहेत. वाचताना एक अडचण येते: इंग्रजी स्पेलिंग जुनं, अंतर मैलात, आणि दिशा तालुक्याच्या गावापासून मोजलेली. मैलाला १.६ नं गुणून किलोमीटर काढा आणि नकाशावर त्या दिशेला तेवढं अंतर मोजा. नाव जुळलं नाही तरी गाव सापडतं. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे तो या मालिकेत नाही.

तिसरं साधन उपग्रहाची चित्रं, आणि इथे डोळा तयार करावा लागतो. सुरुवात साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीपासून करा. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. वरून पाहिली की तिचा शिवलिंगासारखा आकार स्वच्छ कळतो. तो आकार एकदा डोळ्यांत बसला की बाकीच्या ओळखू येतात. साधी शेतातली विहीर वरून लहानसं काळं वर्तुळ दिसते. शेततळं आयताकृती असतं, पण त्याला मातीचा बांध आणि प्लॅस्टिकच्या कागदाची चमक असते. बारव चौकोनी, अधिक चिन्हासारखी किंवा किल्लीच्या भोकासारखी दिसते, एका बाजूनं पायऱ्यांच्या समांतर बारीक रेघा असतात आणि आत गडद सावली पडलेली असते. गढी म्हणजे गावाच्या उंच भागातला चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यांवर बुरुजांचे गोल. आत कधी शाळा भरते, कधी नुसती बाभळ माजलेली असते.

गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं पाहायची सोय आहे. एप्रिल-मे महिन्यातली तारीख निवडा. ऑक्टोबरच्या चित्रात सगळंच हिरवं असतं आणि झाडाखालची बारव दिसत नाही.

नावं वाचायची सवय

एकाच नावाची दोन गावं असतील तर बुद्रुकला आधी जा, खुर्दला नंतर. फारसीत बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. मूळ वस्ती, वेस आणि जुनं देऊळ बुद्रुकमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. पेठ, कोट, ठाणे, चौकी, जकात, सराई, देऊळ हे शब्द गावाच्या नावात आले की थांबून विचारावं. किल्ल्यांच्या पायथ्याशी ‘मेट’ असलेली नावं पहारेकऱ्यांच्या वस्त्यांची.

आणि एक शब्द विसरू नका: पांढर. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. शतकानुशतकं राख, शेण, पडक्या भिंती साचून वस्तीची जमीन पांढरट होते. ही माती चिकट आणि टिकाऊ, म्हणून गढ्यांच्या भिंतीही तिच्याच. गावाबाहेर काळ्या रानात मध्येच एखादं पांढरट टेकाड दिसलं आणि पायाखाली खापरांचे तुकडे लागले, तर ती जुनी वस्ती. तिथे फक्त पाहायचं. खापर उचलून खिशात टाकायचं नाही, कारण ज्या थरात ते पडलं आहे तिथून हललं की अभ्यासकांच्या दृष्टीनं ते मुकं होतं.

वेळ, ऋतू आणि अंतर

दुचाकीवर एका दिवसात १२० किलोमीटर आणि चार ठिकाणं, हे माप धरा. चारचाकीत १५० किलोमीटर, ठिकाणं तेवढीच. विचारत, थांबत जाताना सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. यादीत आठ ठिकाणं घेतली की पहिली चार पळत पाहिली जातात आणि उरलेली अंधारात राहतात.

पावसाळा संपल्या संपल्या मुलूख सुंदर दिसतो, पण वास्तू दिसत नाहीत. गवत कमरेएवढं असतं, बारवा तुडुंब असतात, आणि साप-विंचू गवतात असतात. रस्ते नि शेतं पाहायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. वास्तू पाहायच्या तर जानेवारीपासून पुढे. बारवेच्या तळच्या पायऱ्या आणि कोनाडे मार्च ते मेमध्ये उघडे पडतात. धरणात गेलेली देवळंही त्याच दिवसांत वर येतात. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ उजनीचं पाणी पुरेसं उतरलं तरच पाहायला मिळतं. कोकणच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पंही गवत वाळून गेल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दुपारच्या उभ्या उन्हात तर समोर असूनही कळत नाहीत.

काळ्या रानातल्या पाणंदीवर अवकाळी पावसाची सर येऊन गेली असेल तर गाडी घालूच नका. काळी माती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि शंभर मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. मुरमाड वाट तासाभरात चालण्याजोगी होते. काळीला कडक ऊन पडलं तरी एखादा दिवस लागतो.

गाडी आणि सामान

बाभळीचा काटा हा या भटकंतीचा कायमचा सोबती. वेडी बाभूळ बारवांच्या कडेलाच माजते आणि तिच्या काटेरी फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. गाडी तिच्याखाली लावू नका. ट्यूबलेस टायरमध्ये काटा दिसला तर लगेच उपटू नका. तो आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते, उपटला की भस्सकन जाते. पंक्चरचं किट, रबराच्या चार-पाच वाती आणि हवा भरायचा पंप हाताशी घेतल्यावरच काटा काढायचा. ट्यूबचं टायर असेल तर जास्तीची ट्यूब बरोबर हवी, कारण एका काट्यानं ट्यूबला दोन्ही अंगांनी भोक पडतं आणि ठिगळ एकालाच लागतं.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंप दिसेल तिथे भरा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. डोंगराआड नेटवर्क जातं. याशिवाय कागदावर गावांची नावं क्रमानं लिहून ठेवा, दोन गावांमधलं अंतरही. फोनच्या नकाशावर एका बाबतीत भरवसा ठेवू नका: जवळच्या रस्त्याच्या नावाखाली तो तुम्हाला पाणंदीत घालतो, आणि ती पाणंद पुढे कुणाच्या उसात संपते. रस्ता खरा आहे का हे पाहायला उपग्रहाचं चित्र लावा. चाकोरीच्या दोन समांतर रेघा दिसल्या तर गाडीवाट, एकच दिसली तर पायवाट.

बाकी सामान थोडकं: दोन लिटर पाणी, माथ्यावर बांधायची बॅटरी आणि एक हातातली, पाच मीटरची मोजपट्टी, फूटपट्टी, वही, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी. काठीचा उपयोग चालण्यापेक्षा पुढची जागा आपटून पाहायला जास्त.

रस्त्यावरची काळजी

कडेच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. आपलं काम बहुतेक नारिंगी दगडांवर चालतं. हे रस्ते एका गाडीच्या रुंदीचे. समोरून ट्रॅक्टर आला की साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि ती खचलेली असते, म्हणून वेग आधी कमी करून मगच चाक खाली घ्या.

गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ऊसपट्ट्यात सूर्य मावळल्यावर गाडी चालवणं टाळा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून अंधारात दिसत नाही, ऊस बाहेर आलेला असतो आणि मागचे दिवे बहुधा झाकलेले असतात. सुगीत डांबरावर पीक पसरलेलं असेल तर त्यावरून गाडी नेऊ नका: दुचाकी घसरते, आणि चारचाकीच्या खाली वाळकी काडं गरम सायलेन्सरला गुंडाळली गेली तर पेट घेतात. पुरानंतर फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर कितीही उथळ वाटलं तरी उलटं फिरा, कारण खालची फरशी जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही.

गावात विचारायचं कसं

‘इथे काही ऐतिहासिक वास्तू आहेत का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. गावच्या लेखी ती वास्तू नसते, ती महादेवाची विहीर असते. म्हणून असं विचारा: पायऱ्यांची दगडी विहीर आहे का? लिहिलेला दगड आहे का? घोड्यावरच्या माणसाचा, हाताचा, गाढवाचा दगड कुठे आहे का? पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ आहे का? पांडवकालीन म्हणून सांगितलेलं ठिकाण पाहायलाच हवं. काळ चुकीचा असेल, पण जुनेपण खरं असतं.

वाट विचारताना ‘हा रस्ता अमुक गावाला जातो ना?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘अमुक गावाला कुठून जायचं?’ असं विचारा, आणि शेवटचं गाव न विचारता पुढचं गाव विचारा. ‘हे काय इथंच’ म्हणजे दोन किलोमीटर असू शकतं, म्हणून ‘चालत किती वेळ?’ हा प्रश्न बरा.

सर्वांत पक्की माहिती गुराख्यांकडे आणि धनगरांकडे असते, कारण त्यांना रानातलं प्रत्येक पाणी ठाऊक असतं. देवळाचा गुरव, पोस्टमन आणि पारावर बसलेली म्हातारी माणसं यांचा नंबर त्यानंतर. शाळेतली मुलं उत्साहानं घेऊन जातात, पण त्यांना विहिरीत उतरवू नका.

एक गोष्ट मनाशी धरून चला: आडगावात जुन्या दगडांचे फोटो काढत फिरणाऱ्या परक्या माणसावर गुप्तधनाचा संशय येतो, आणि तो निराधार नाही. धनाच्या लोभानं पुष्कळ वीरगळी उपटल्या गेल्या आहेत, देवळांचे गाभारे खणले गेले आहेत. म्हणून आधी पारावर किंवा ग्रामपंचायतीत जाऊन कोण, कुठून, कशाला आलो ते सांगा. पोलीस पाटील भेटले तर उत्तम. अमावस्येला आणि अंधार पडल्यावर रानातल्या देवळाकडे जाऊ नका, आणि सामानात खुरपं, पहार, कुदळ असलं काही ठेवू नका. गावातला एक माणूस बरोबर घेतला की अर्धे प्रश्न मिटतात आणि माहितीही दुप्पट मिळते.

बारवेपाशी

कडेवर एकदम जाऊ नका. कठड्याचे दगड सुटलेले असतात आणि गवतानं तोंड झाकलेलं असतं. आधी एक फेरी लांबून मारा. मोटेच्या जागा पाहा: दोरानं घासून खाचा पडलेले दगड, पाणी ओतायचं थारोळं, आणि बैलांच्या येण्याजाण्याची उतरती धाव. धाव किती, त्यावरून विहिरीवर एका वेळी किती मोटा चालत ते कळतं. मग पायऱ्या. भिंतीच्या कडेनं, एका वेळी एकानं उतरायचं, आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. तिथे शेवाळ असतं आणि ते वाळल्यावरही निसरडं राहतं. वाकलेली पायरी काठीनं दाबून पाहा. एकटे असाल तर वरूनच पाहा.

कोनाड्यांकडे म्हणजे देवळ्यांकडे लक्ष द्या. त्या चारी बाजूंना सारख्या असतील तर बारव ठरवून, पूजेच्या हेतूनं बांधलेली. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरची पुष्करणी याचा चांगला नमुना. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरला गोल बारव आहे, तिच्या पायऱ्या चक्राकार उतरत जातात. त्याच जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा म्हणजे देवळं, उंच कोरीव स्तंभ आणि बारव एकाच गावात, त्यामुळे तिथे अख्खा दिवस हाताशी ठेवा.

बारवेतल्या भुयारात, बंद खोलीत किंवा कोरड्या खोल आडात शिरू नका. साचलेल्या जागेत प्राणवायू कमी असतो, आणि ते लक्षात येईपर्यंत माणूस बाहेर येण्याच्या स्थितीत राहत नाही.

वीरगळ वाचायची ती खालून वर

वीरगळ पुष्कळांना दिसते, वाचता फार थोड्यांना येते. दोन ते पाच फुटांचा उभा दगड, त्यावर तीन किंवा चार चौकटी. तळच्या चौकटीत वीर पडलेला असतो. बाजूला गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन वाचवताना मेला. वरच्या चौकटीत लढाई: समोरच्याच्या हातात ढाल-तलवार आहे की धनुष्य, घोडा आहे का, ते नीट पाहून लिहा. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे, म्हणून प्रत्येक चौकट वेगळी वाचायची.

कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उभा हात म्हणजे सतीशिळा. माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असेल तर ती गधेगाळ: दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी दगडावर कोरून ठेवलेली. उत्तर कोकणात, शिलाहारांच्या मुलखात, ती बरीच सापडते.

वीरगळ मातीत अर्धी गाडलेली असली तरी हलवू नका, धुऊ नका. शेंदराखाली कोरीव काम असेल तर तसंच राहू द्या. ती गावची पूजा आहे.

देऊळ किती जुनं

दगडी, चुन्याशिवाय रचलेलं देऊळ दिसलं की त्याला हेमाडपंती म्हणायची आपली रीत. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातला मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, त्याच्या दोन शतकं आधीचा. तेव्हा ‘हेमाडपंती’ हा शब्द शैलीपुरता घ्या, काळ म्हणून लिहू नका.

काळ ओळखायला वरून खाली पाहत या. शिखर विटा-चुन्याचं, पुढे दीपमाळ आणि नगारखाना, पण खालच्या भिंती कोरीव काळ्या दगडाच्या, असं असेल तर खालचं जुनं आणि वरचं मराठा काळातलं. आपल्याकडे असं मिश्रण जागोजाग आहे. ऑइलपेंट फासला असेल तर दाराच्या चौकटीचा तळ, उंबरा आणि जोत्याचे थर पाहा; रंग तिथे कमी पोचतो आणि खरं काम दिसतं.

वाडा आणि गढी

हे कुणाचं तरी घर आहे. मोकळं दिसलं तरी मालक असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. पारनेर तालुक्यातला पळशीचा वाडा पाहिला की लाकडी कोरीव काम किती बारीक असू शकतं ते कळतं. वाड्याचं माप खणांत लिहा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर एक खण, आणि एका खणाची लांबी मोजपट्टीनं वेगळी नोंदवा.

माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढायचा मोह आवरा. मातीच्या खाली किलचं (लाकडाच्या चिपा) आणि तुळया असतात, आणि पाणी मुरून त्या आतून कुजलेल्या असतात. वरची माती मात्र घट्ट दिसते. जिना चढावाच लागला तर भिंतीला लागून पाय टाका, मध्यावर नाही. गढीच्या दरवाजात मान वर करून कमान पाहा. आग्या मोहोळ बहुधा तिथेच असतं. अत्तर लावून जाऊ नका, धूर आणि गोंगाट करू नका. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा.

साप चावला तर वेळ दवडू नका: १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलू देऊ नका, बांधू नका, कापू नका, आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. उपकेंद्रात प्रतिविष असेलच असं नाही.

शिलालेख आणि नोंद

झिजलेला लेख दुपारी वाचता येत नाही. सकाळी साडेआठपर्यंत किंवा संध्याकाळी चारनंतर, तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठतात. ऊन नसेल तर बॅटरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. खडू, पीठ, तेल, हळद काही चोळू नका. अक्षराच्या कडा त्यानं मरतात. फोटोत फूटपट्टी ठेवा. मग दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा येईल असे सरकत सरकत पूर्ण दगडाचे फोटो घ्या, पुढे वाचणाऱ्याला ते फार उपयोगी पडतात. लिपी देवनागरी, हळेकन्नड (जुनी कन्नड), फारसी किंवा मोडी असू शकते. ओळखता आली नाही तरी ओळींची संख्या लिहा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन: शके १६४१ म्हणजे १७१९. लेखातली तिथी जानेवारी ते पाडवा या काळातली असेल तर ७९ मिळवा. सुहूर सन किंवा दख्खनी फसली ही जुन्या कारभारातली सालं; सुहूर असेल तर ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा. लेखात संवत्सराचं नाव असेल तर ते अवश्य टिपा, आकडा झिजला असेल तेव्हा साल त्यावरूनच पक्कं होतं.

नोंदीत एवढं हवंच: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत, तारीख, मापं, दिशा, सध्याची अवस्था, आणि माहिती देणाऱ्यानं सांगितलेली कथा त्याच्याच शब्दांत. नोंद जागेवरच लिहा. संध्याकाळपर्यंत तीन बारवांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात.

कायद्याचंही थोडं लक्षात असू द्या. जमिनीत दडलेलं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव दगड १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, त्यामुळे तिथे जेसीबी चालताना दिसला तर फोटो आणि ठिकाण पुरातत्त्व खात्याला लगेच पाठवा. नवा लेख किंवा मूर्ती सापडली तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि ग्रामपंचायतीला, दोघांनाही लेखी कळवा.

फोटो सगळ्यांना दाखवताना मात्र सुटी मूर्ती, सैल पडलेली वीरगळ किंवा न वाचलेला ताजा लेख असेल तर नेमका अक्षांश-रेखांश टाकू नका. तालुक्याचं नाव पुरे. बारवेचं ठिकाण मात्र मोकळेपणानं सांगा: ती कुणाला उचलून नेता येत नाही, आणि लोक येऊ लागले की गावातली पोरं स्वतःच बाभूळ तोडून पायऱ्या मोकळ्या करायला लागतात.